पुढची म्हणते, मागची झेलते

१

आमच्याकडे रेकॉर्डिंगची वेळ ठरते ती शेजारच्या गवंड्यांच्या जेवणावरून. रेवसकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. बाजूची वाडी मुंबईच्या कुणीतरी घेतली आणि तिथे आता बंगला उठतोय. सकाळपासून फरशी कापायचं मशीन किंचाळत असतं. दुपारी गडी डबे सोडून बसले की ते बंद होतं, आणि मी हातातला घास टाकून मागच्या खोलीत पळतो. विनिता म्हणते, तुम्ही त्या गवंड्यांकडेच जेवायला जात जा, निदान वेळेवर जेवाल. विनिता म्हणजे माझी बायको. गावातल्याच अंगणवाडीत शिकवते, पण टोमणे ती घरी येऊन मारते.

मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. हा शब्द मी फक्त गिऱ्हाइकासमोर वापरतो. माझे वडील, चांगदेव, मिठागरावर होते, आणि त्यांच्या वेळी या खोलीत मिठाच्या गोणी असत. गोणी गेल्या, मीठ गेलं नाही. कितीही रंग काढा, भिंतीला पांढरी फुलं धरतात आणि केबलच्या पिना हिरव्या पडतात. तिथे मी माझे सिंथेसायझर मांडलेत, आम्ही त्यांना सिंथ म्हणतो. जुने, जड, नॉबवाले. लॅपटॉपमधले तयार आवाज मला आवडत नाहीत. आवाज हाताला लागला पाहिजे, फिरवला तर फिरला पाहिजे. हळदीची गाणी वाजवून माझं पोट चालतं, पण वाजवतो ते खऱ्या यंत्रावर, एवढा माज मी ठेवलाय.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंथमधून केबल निघते ती एका छोट्या पेटीत जाते. तिला इंटरफेस म्हणतात. पेटीतून आवाज कॉम्प्युटरात जातो, तिथे रेकॉर्ड होतो, आणि फिरून पेटीत येऊन हेडफोनमध्ये ऐकू येतो. या जाण्यायेण्यात वेळ लागतो. बोट आधी पडतं, सूर मागून येतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागत असेल, पण वाजवणाऱ्याचा हात तेवढ्यानेही लंगडतो. म्हणून पेटीला दुसरी एक वाट दिलेली असते, केबलमधून आलेला आवाज सरळ कानात सोडायची. ते डायरेक्ट मॉनिटर. त्यात उशीर नाही. माझं अर्धं आयुष्य हा उशीर मारण्यात गेलं, तेव्हा उशीर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

त्या दुपारी मशीन बंद झालं, मी हेडफोन चढवले, डायरेक्टची वाट उघडली आणि एका हळदीच्या गाण्याचा खालचा सूर वाजवायला बसलो. सूर आला, आणि मग माझं बोट पट्टीवर पडलं.

२

पहिल्यांदा मी बोटालाच दोष दिला. माणूस थकला की त्याला काहीही वाटतं. पुन्हा वाजवलं. सूर आला, मग बोट पडलं. फरक एवढासाच, जिना उतरताना शेवटची पायरी अपेक्षेआधी लागते तेवढा. 

मग डोकं चालवलं. दोन्ही वाटा उघड्या राहिल्या असतील तर तोच सूर दोनदा ऐकू येतो, एकदा सरळ आणि एकदा कॉम्प्युटरातून फिरून. तसं असेल तर पहिला सूर बोटाबरोबर यायला हवा आणि दुसरा नंतर. इथे दुसरा नव्हताच. कॉम्प्युटरची वाट बंद होती. मी ती काढूनच टाकली. लॅपटॉप बंद केला. आता फक्त सिंथ, केबल, पेटी आणि माझे कान. तरीही तेच.

एक गंमत करून पाहिली. ठरवलं, सूर ऐकू आला की बोट आवरायचं. सूर आला. बोट आवरलं नाही. मी आवरायच्या आत ते पडून गेलं होतं. मी हे पुन्हा पुन्हा केलं आणि दर वेळी हरलो. शेवटी हसायला आलं, पण ते हसू काही फार वेळ टिकलं नाही.

अलिबागला जीवन नावाचा माझा एक मित्र यंत्रं दुरुस्त करतो. त्याने पेटी नेली, दुकानात ठेवली, सगळं तपासलं आणि सांगितलं की काही बिघडलेलं नाही. तो ती परत द्यायला आला तेव्हा स्वतःची एक दुसरी पेटीही घेऊन आला. ती लावून स्वतः बसला, हेडफोन घातले, एक पट्टी दाबली. मग दुसरी.  त्याने हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवले आणि म्हणाला, तुझ्या खोलीला अर्थिंग नीट नाही. मी विचारलं, अर्थिंगने सूर आधी येतो का? तो केबल गुंडाळत म्हणाला, "मिठाची खोली हाय बाबा ही. इथं मी काय सांगू." चहाला थांबला नाही, स्वतःची पेटीही इथेच टाकून गेला.

मी म्हटलं, असू दे. उशिराला मी हयातभर शिव्या घातल्या. आता देवाने उशीर काढूनच घेतला तर तक्रार कसली करायची.

३

माझी आई, सखुबाई, धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, पण खरं लग्न लावते ती धवलारीण. मांडव घालायचा, हळद दळायची, नवरीला न्हाऊ घालायचं, तिला घराबाहेर काढायचं, प्रत्येक वेळेचा वेगळा धवला. तो म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल उचलत नाहीत. रेवसपासून किहीमपर्यंत आईला बोलावणी यायची. कित्येक घरांत आधी तिची तारीख विचारत, मग मुहूर्त काढत.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. एक पुढची आणि एक मागची. पुढची ओळ टाकते, मागची ती झेलते, म्हणजे तीच ओळ तशीच उचलून म्हणते, आणि तोवर पुढची श्वास घेते. नियम एकच. टाकलेली ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही. मागचीला ठसका लागो, मांडवात भांडण होवो, ओळ झेलायचीच. आई लहानपणी मागची होती, मग जन्मभर पुढची झाली. तिच्या मागे म्हणणारी तुळसामावशी वारली तेव्हापासून विनिता मागे बसायला लागली होती.

गेल्या पावसाळ्यात आई आजारी पडली. बरी झाली, पण ओळी गळायला लागल्या. बोलण्याचालण्यात काही नाही, मसाल्यात मीठ कमी पडलं तर लगेच सांगायची. धवला म्हणताना मात्र मध्येच थांबायची, हात हवेत राहायचा, आणि तोंडावर असं काही यायचं की मला तिथून उठून जावंसं वाटे. हे धवले तिच्याखेरीज पुरते कुणालाच येत नव्हते. कागदावर उतरवू द्यायची नाही. म्हणायची, कागदावरचा धवला वाचतात, झेलत नाहीत.

म्हणून मी तिला मागच्या खोलीत आणलं. तिच्या तोंडासमोर माइक, मी सिंथवर काळी तीनचा, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीचा, सूर धरून, आणि विनिता दाराजवळ पाटावर, आईच्या मागे झेलायला. आईला सूर कळावा म्हणून तिच्या कानाला हेडफोन. तसलेच मलाही. दोघांना ऐकू येणार ते एकच.

माइकलाही डायरेक्टची वाट दिली. म्हातारीला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर ती गोंधळेल, असं मला वाटलं. मला इतकंच वाटलं होतं.

४

मशीन थांबलं. मी सूर धरला. आईने तोंड उघडलं आणि म्हणायच्या आधीच थांबली. मान कलती करून ऐकायला लागली. माझ्याही कानात ते आलं होतं. आईचा आवाज. धवल्याचं पहिलं अक्षर.

मग आईने ते अक्षर म्हटलं.

"कोन गो ही पुढं बोलतं?" तिने विचारलं. घाबरून नाही. लग्नघरात जुनी ओळखीची बाई भेटल्यावर विचारतात तसं.

मी काहीतरी सांगितलं. की यंत्रात आवाज दोनदा येतो, तुझाच आहे, लक्ष देऊ नकोस. तिने मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली.

मांडवाचे दारी गो, कोनाची वाट बघता
हळदीचे वाटीत गो, कोनाचा हात भिजता

माझ्या कानात प्रत्येक ओळ आधी सुरू होत होती. मी आईच्या ओठांकडे बघत होतो. ओठ मागून हलत होते. आणि आईचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. जन्मभर पुढची असलेली बाई मागची झाली होती, आणि तिला ते आवडलं होतं.

संध्याकाळी मी रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात आईचा आवाज होता, तिच्या मागून विनिताचा, आणि खाली माझा सूर. सगळं आपापल्या जागी. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे कानातच काहीतरी होतं, रेकॉर्डिंगमध्ये नाही. मग मी आवाज वाढवला. हेडफोन घट्ट बसत नसले की त्यांतला आवाज बाहेर झिरपतो आणि माइक तोही पकडतो, हे रेकॉर्डिंगवाल्याला माहीत असतं. आईच्या प्रत्येक ओळीच्या आधी, अगदी पातळ, डब्यात कोंडल्यासारखा, तोच आवाज तीच ओळ म्हणत होता.

मी विनिताला ऐकवलं नाही. तिने विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, छान झालंय. आणि ते खोटं नव्हतं.

५

कारण ओळी परत आल्या होत्या. ज्या जागी आईचा हात हवेत राहायचा, तिथे आता कुणीतरी पुढे म्हणत होतं आणि आई झेलत होती. हळद दळायचा धवला पूर्ण झाला. न्हाणाचा झाला. तेल चढवायचा एक होता, तो आईने माझ्या मावशीच्या लग्नानंतर म्हटलाच नव्हता, तोही आला. विनिता दाराजवळ बसून एकेक ओळ उचलत होती. रात्री भांडी घासताना तिच्या तोंडून त्या ऐकू येत आणि मला भरून यायचं. मी स्वतःशी म्हणायचो, गूढबिढ काही नाही. म्हातारीचं डोकं सूर मिळाल्यावर खुललंय.

पण अंतर वाढत होतं. आधी अक्षराचं होतं. मग शब्दाचं झालं, मग ओळीचं. पुढचा आवाज एक ओळ संपवून दुसरी घ्यायचा तेव्हा आई पहिलीत असायची. दोन आवाजांत तिचा गोंधळ व्हायला हवा होता, माझा व्हायचाच, पण ती शांत होती. तिचं वजन उतरत चाललं होतं. ताटातला भात तसाच राहायचा. दुपार झाली की स्वतःच मागच्या खोलीत येऊन बसायची आणि गवंड्यांच्या मशीनकडे कान लावायची, कधी एकदा थांबतं म्हणून.

एकदा मी तिला हेडफोन दिलेच नाहीत. म्हटलं, आज असंच म्हण. तिने प्रयत्न केला. दोन ओळी आल्या, तिसरी आली नाही. हात हवेत राहिला. मी खाली बघत बसलो. थोड्या वेळाने ती रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडात धरून. विनिता माझ्याकडे अशी बघत होती, जसं मीच आईकडून काहीतरी हिसकावून घेतलंय.

"दे बाला," आई म्हणाली. "पुढची हाय तं मना बरं वाटतं. जन्म जेला पुढं चालून. आता कोनीतरी हाय पुढं."

मी विचारलं, कोण आहे पण? तुला कोण वाटतं?

ती म्हणाली, "मीच हाय. मंग कोन असंल?"

मी हेडफोन दिले. मला धवले हवे होते. त्या घडीला मला आईपेक्षा धवले हवे होते, आणि मी स्वतःला सांगत होतो की दोन्ही एकच आहेत.

६

शेवटचा राहिला होता पाठवणीचा. नवरी मांडवातून निघते आणि खारीच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावरून सासरी जाते तेव्हाचा. हा लांब असतो, आणि बाया तो म्हणताना रडतात म्हणून फार हळू म्हणतात. त्या दिवशी आई अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आली. विनिताने चिडवलं, आई, तुम्हाला कुठे लग्नाला जायचंय का? आईने हसून हेडफोन मागितले.

मशीन थांबलं. मी सूर धरला.

पुढचा आवाज आता बराच लांब होता. आईने पहिलं कडवं घेतलं तेव्हा तो तिसऱ्यात होता. आईच्या तोंडी नवरी अजून उंबऱ्यावर होती आणि माझ्या कानात ती बांधावर पोचली होती. मी बोट पट्टीवरून हलू देत नव्हतो आणि डोळे आईवर ठेवले होते.

मग माझ्या कानात सूर तुटला. माझा सूर. पुढच्या आवाजाखाली जो काळी तीनचा सूर चालला होता तो मध्येच थांबला. मी खाली बघितलं. माझं बोट पट्टी दाबून होतं, यंत्रावरचा दिवा लागलेला होता. कानात मात्र सूर नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत लाकडाचा आवाज आला, स्टूल पडल्याचा. माझं स्टूल माझ्या खाली होतं. मग पावलं. मग कुणीतरी अगदी हळू म्हणालं, बस कर आता, बस कर. आणि तरीही आईचा आवाज म्हणतच होता.

खारीचे बांधावरशी गो, लेक माझी चालली
मंगारी वळून बघंल तं गो,

एवढंच. पुढे काही नाही. ओळीचा दुसरा अर्धा आलाच नाही. नुसती खोली ऐकू येत होती. मग विनिताच्या आवाजात, "आई?" आणि मग एका पुरुषाचा आवाज, जो मी आधी ओळखला नाही, कारण मी स्वतःला असं ओरडताना कधी ऐकलेलं नव्हतं.

दारात विनिता शांतपणे दुसऱ्या कडव्याची ओळ झेलत होती. तिच्या कानाला काही नव्हतं. आईच्या कानाला होतं. आईने माझ्याकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. आणि ती म्हणत राहिली.

मला पहिल्यांदा जे सुचलं ते असं, की मी उठायचंच नाही. सूर तुटला नाही, स्टूल पडलं नाही, मी काही बोललो नाही, तर जे ऐकलं ते खोटं ठरेल. वेड्यासारखं वाटेल, पण मी सगळा जीव त्या एका बोटात आणला. दात आवळले. गुडघे टेबलाच्या पायांना अडकवून घेतले. आधी आवरता आलं नव्हतं ते नुसतं बोट होतं. हे मला आवरता येईल, असं मी स्वतःला सांगत होतो.

तिसरं कडवं आलं. आईचा आवाज बारीक झाला, पण सूर सोडला नाही तिने. तळहात उचलून मला खूण केली, वाजव. कपाळावर घाम आला होता. चौथं कडवं आलं. तिचं तोंड राखेसारखं झालं, आणि खुर्चीच्या हातावरचा हात पकड सोडायला लागला. ती म्हणत होती. ओळ टाकलेली होती, आणि टाकलेली ओळ तिने कधी पडू दिली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि एका बाजूला कलत होती, आणि मी, तिचा मुलगा, स्टुलावर बसून एक पट्टी दाबून होतो.

मी उठलो. कोण बसलं असतं? स्टूल पडलं. मी तिच्यापाशी पोचलो, तिचे हेडफोन ओढून काढले, तिचे खांदे धरले आणि म्हणालो, बस कर आता, बस कर. तिने नाही म्हणून मान हलवली. माझ्या तोंडाकडे बघत, अगदी सावकाश, जशी लहानपणी मला शिकवायची तशी, ती अर्धी ओळ म्हणाली.

विनिता म्हणाली, "आई?"

पुढचं मी सांगत नाही. तो आवाज मी दोनदा ऐकलाय, तेवढं पुरे झालं.

७

दिवस झाले. पाहुणे गेले. बंगल्याच्या वरच्या मजल्याची फरशी सुरू झाली. मागच्या खोलीला मी कुलूप लावलं होतं, पण विनिताला बोलावणं आलं. किहीमला मृणाली नावाची एक मुलगी आहे, तिच्या आईचं लग्न माझ्या आईने लावलं होतं. ती म्हणे सखुबाईंच्या सुनेशिवाय मांडवात पाऊल ठेवणार नाही. विनिताला सगळे धवले येत होते. पाठवणीचा सोडून. त्यातली ती ओळ, लेकीने मागे वळून बघितलं तर, एवढी अर्धीच होती, आणि अर्ध्या ओळीवर पोरीला घराबाहेर काढायचं कसं?

गावात विचारलं, खाडीपलीकडे करंजाला विचारलं. कुणाला येत नव्हती. रेकॉर्डिंगमध्ये नव्हतीच. विनिता म्हणाली, तुम्ही काहीतरी बनवून द्या. मी खूप प्रयत्न केला, पण जे सुचायचं ते सिनेमातल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस ती सहज म्हणाली, आईंना त्या हेडफोनमध्ये आठवायचं ना? मी घालून बघते.

मी नको म्हटलं. का ते सांगितलं नाही. काय सांगणार होतो? शेवटी म्हटलं, आधी मी यंत्र तपासतो, इतके दिवस बंद आहे, मिठाने पिना खाल्ल्या असतील.

दुपारी मशीन थांबल्यावर आत गेलो. पिना पुसल्या, केबल लावल्या, डायरेक्टची वाट उघडली, हेडफोन घातले. मनाची तयारी केली होती, की सूर आधी येईल, कितीही आधी येवो, त्याला घाबरायचं नाही. पट्टी दाबली. काही आलं नाही. पुन्हा दाबली. यंत्रावरचा दिवा लागत होता, पेटीवरचा काटा हलत होता. कानात काही नाही. केबल बदलली. दुसरा सिंथ लावला. जीवनची पेटी अजून इथेच होती, ती लावली. काही नाही.

मी विनिताला हाक मारली. म्हटलं, जरा दाबून बघ. तिने एक बोट पुढे करून पट्टी दाबली, आणि बोट पडायच्या जरासं आधी माझ्या कानात स्वच्छ, गोल सूर आला. तिने पुन्हा दाबली, पुन्हा आला. मी तिचं बोट बाजूला करून त्याच पट्टीवर माझं ठेवलं. खोली नुसती ऐकू येत होती.

पट्टी तीच, केबल तीच. आईचा आवाज किती आधी तुटला होता, ते मी आठवायला लागलो. शेवटी कडव्यांचं अंतर होतं. त्यानंतर माझं अंतर किती वाढलं असेल? आता ते कशात मोजायचं, कडव्यांत की महिन्यांत, मला ठरवता येईना. मी एवढंच समजलो, की पुढे जो माझा सूर होता तो तुटून गेलाय, आणि मी मागून चाललोय.

"काय झालं?" विनिताने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, चालतंय यंत्र. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.  मग हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून तिने स्वतःच्या कानांना लावले आणि आईच्या खुर्चीवर, माइकसमोर बसली. मी तिला उठवू शकलो असतो. पण किहीमची ती पोर, ती अर्धी ओळ, आईचं ते बघणं, सगळं डोक्यात होतं, आणि विनिताचा आवाज पुढे आहे की नाही हे मला, खरं सांगतो, काहीही करून कळायला हवं होतं.

तिने पाठवणीचा सुरू केला. मी स्टुलावर बसून काळी तीन दाबून धरली. तिच्या कानात माझा सूर येत नाही हे तिने मला सांगितलं नाही. कदाचित मला वाईट वाटेल म्हणून. ती सुरातच म्हणत होती. बांधाची ओळ आली. तिने डोळे मिटले आणि तळहात उचलला, आई उचलायची तसाच. ती ऐकत होती.  मग तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसली.

"आली," ती म्हणाली. "माझ्याच आवाजात हाय." विनिता एरवी कधी हाय म्हणत नाही.

आणि तिने ती ओळ म्हटली, अख्खी.

मंगारी वळून बघंल तं गो, दारात कोनी न्हाय

मागे झेलायला कुणी नव्हतं. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिली. ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही, म्हणून मग मीच ती म्हटली. शेजारी मशीन सुरू झालं होतं, पण शेवटपर्यंत म्हटली. पट्टीवरचं बोट मी अजून उचललं नव्हतं.